दोरीच्या टोकापासून वर: घरच्या अंगणासाठी ट्रिमर निवडताना

गवत कापायचा ट्रिमर घ्यायचा म्हटलं की सगळे आधी ताकद विचारतात. इंजिन किती सीसीचं, बॅटरी किती व्होल्टची, मोटर किती वॉटची. मी मात्र ज्यांच्या घरी ट्रिमर आहे किंवा होता, अशा ओळखीच्या सगळ्यांना आधी एकच प्रश्न विचारला: तुमचं मशीन अडगळीत गेलं ते कशामुळे?

कुणाची गवत कापणारी नायलॉनची दोरी सारखी आत अडकून बसायची. कुणाचं मशीन काही महिने कोपऱ्यात उभं राहिलं आणि मग इंजिन सुरू करायची दोरी कितीही ओढली तरी सुरू होईना. कुणाची बॅटरी दमली, तोवर कंपनीने ती बॅटरी बनवणं बंद केलं होतं. एकाकडे तर फक्त गार्ड, म्हणजे फिरती दोरी आणि पाय यांच्यामधलं कवच, फुटला होता, पण तो सुटा मिळाला नाही म्हणून धडधाकट मशीन पडून होतं. इंजिन जळालं किंवा मोटर कमी पडली, असं सांगणारं क्वचितच कुणी भेटलं.

या उत्तरांवरून मी निवडीचा क्रम उलटा केला. गवताला लागणाऱ्या दोरीच्या टोकापासून सुरुवात करायची, दांड्यावरून वर चढत जायचं आणि इंजिन की बॅटरी हे शेवटी ठरवायचं. हा क्रम मला फार उपयोगी पडला, म्हणून तो सविस्तर लिहिते आहे.

अर्थात त्याआधी अंगण बघणं आलं. मधली मोकळी जागा ढकलायच्या लॉन मूव्हरने होते, त्यामुळे ट्रिमरचं काम उरतं ते कडेकडेचं: भिंतीलगतची पट्टी, पायऱ्यांच्या बाजू, जाळीच्या कुंपणाखालचं गवत, झाडांच्या आळ्यांभोवती आणि मागच्या उतारावर. टेप घेऊन मोजलं तर ही सगळी पट्टी मिळून साधारण १२० मीटर भरली, रुंदी कुठेही अर्ध्या मीटरच्या फार पुढे नाही. वाढ बघितली तर बहुतेक हराळी, लव्हाळा आणि मऊ गवत. एका कोपऱ्यात मात्र बोटाएवढ्या जाड, लाकडासारख्या खोडांची झुडपं होती.

त्या कोपऱ्यासाठी मोठं मशीन घ्यावं का, यावर मी बराच विचार केला. नायलॉनची दोरी गवत आणि कोवळी देठं छान तोडते, पण लाकडी खोडावर ती नुसती झिजते. तिथे धातूचं पातं लागतं, आणि पातं लावायचं तर त्या ताकदीचं मशीन, सरळ दांडा, गिअर आणि खांद्यावरचा पट्टा हे सगळं ओघाने आलं. एवढ्याशा कोपऱ्यासाठी उरलेलं सगळं अंगणभर ते ओझं वागवण्यात अर्थ नव्हता. ती झुडपं कोयत्याने तोडायची आणि ट्रिमर निव्वळ गवतासाठी घ्यायचा, असं ठरवलं. हे आधी ठरल्यामुळे पुढची अर्धी यादी आपोआप गळली. ज्यांच्याकडे अशी झुडपंच जास्त आहेत त्यांचा हिशेब वेगळा असणार.

आता दोरी. हे यंत्र चालतं कसं ते समजून घेतलं तर निवड सोपी होते. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात जॉर्ज बॅलस यांना कार धुण्याच्या यंत्रातले फिरणारे ब्रश बघून ही कल्पना सुचली. झाडांच्या बुंध्यांभोवतीचं गवत कसं काढावं हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी एका पत्र्याच्या डब्याला मासेमारीची नायलॉन दोरी अडकवली, तो डबा फिरत्या यंत्राला जोडला आणि गवत खरंच तुटलं. आजच्या ट्रिमरचं तत्त्व तेच आहे. दोरी मऊ असते, पण वेगाने फिरवली की बाहेरच्या दिशेच्या ओढीने ताठ होते आणि तिचं टोक गवताला फटकारून तोडतं. ३० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ मिनिटाला ७,००० फेऱ्या घेत असेल तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ११० मीटर पडतो, म्हणजे ताशी जवळपास ४०० किलोमीटर. कापण्याचं खरं काम टोकच करतं. म्हणून दोरी सारखी झिजते, तुटते आणि सारखी नवी बाहेर यावी लागते. ती विनातक्रार बाहेर येणं हाच माझ्या लेखी या यंत्राच्या भरवशाचा गाभा आहे.

दोरी बाहेर सोडायच्या तीन पद्धती मी हाताळून बघितल्या. सगळ्यांत जास्त दिसते ती आपटून दोरी सोडणारी. दांड्याच्या टोकाला दोरी फिरवणारा भाग म्हणजे हेड, त्याच्या तळाला एक बटण असतं. मशीन फिरत असताना ते जमिनीवर हलकेच टेकवलं की आतली स्प्रिंग दबते, स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेलं रीळ, एक घर पुढे सरकतं, फिरण्याच्या ओढीने दोरी बाहेर येते आणि जास्तीची दोरी गार्डवरच्या छोट्या पात्याला लागून कापली जाते. दुसरी आपोआप दोरी सोडणारी. यात आपल्याला काही करावं लागत नाही, दर वेळी मशीन थांबून सुरू झालं की थोडी दोरी पुढे येते. ऐकायला हे सोयीचं वाटतं, पण कडेचं काम म्हणजे पावलोपावली बटण सोडायचं आणि दाबायचं. त्यात गरज नसताना दोरी बाहेर येते, कापली जाते आणि वाया जाते. तिसरी पद्धत सगळ्यांत साधी: कापून ठेवलेले दोरीचे तुकडे हेडच्या भोकांतून ओवायचे. अडकायला आत काही नसतंच. मात्र तुकडा संपला की थांबायचं, वाकायचं, नवा ओवायचा.

मला पहिली पद्धत पटली, पण एका अटीवर. हेड उघडायला सोपं हवं. विक्रेत्याकडे गेल्यावर मी मशीन सुरू करून दाखवायला सांगायच्या आधी हेड उघडून मागायचे. हातमोजे घालून, कुठलंही हत्यार न वापरता झाकण निघतं का? स्प्रिंग उडून लांब जाऊन पडते का? स्पूलवर दोरी कुठल्या दिशेने गुंडाळायची त्याचा बाण ठळक आहे का? दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांसाठी मध्ये वेगळं करणारी भिंत आहे का? मग तिथेच एकदा दोरी पूर्ण गुंडाळून बंद करायचे. एका देखण्या, महागड्या मशीनचं झाकण दोन्ही अंगठ्यांनी जीव खाऊन दाबलं तरी एका बाजूची खटकी सुटेना. मळक्या, घामेजल्या हातांनी ते अंगणात काय सुटणार? ते तिथेच बाद केलं. काही नव्या हेडमध्ये दोरी एका भोकातून घालून दुसऱ्यातून काढायची आणि बाहेरूनच मूठ फिरवून गुंडाळायची सोय असते, झाकण उघडावंच लागत नाही. ही सोय मला मनापासून आवडली.

दोरी ज्या भोकातून बाहेर येते तिथली कडी धातूची आहे का, हेही बघावं. नुसत्या प्लॅस्टिकच्या भोकाला दोरीच्या घर्षणाने खाच पडते आणि त्या खाचेत दोरी अडते. आतल्या वेढ्यांचंही तसंच. वेढे सैल किंवा एकमेकांवर चढलेले असले की चालू मशीनच्या कंपनाने ते घासून तापतात आणि नायलॉन चक्क एकमेकांना चिकटतं. मग कितीही आपटा, दोरी सुटत नाही. म्हणून वेढे घट्ट, एकाशेजारी एक, आणि स्पूल काठोकाठ न भरता. एवढी काळजी घेतली तरी निम्मी भांडणं मिटतात.

हेडची आणखी एक गोष्ट मला दुरुस्ती करणाऱ्या एका मेकॅनिकने दाखवली. ब्रश कटरच्या, म्हणजे झुडपं कापणाऱ्या ताकदवान यंत्रांच्या, वर्गातल्या अनेक मशीनवर हेड उलट्या आट्यांच्या बोल्टवर बसतं, आणि ही मापं बऱ्यापैकी ठरलेली असतात. अशा मशीनवर मूळ हेड खराब झालं तर दुसऱ्या कुणाचंही चांगलं हेड बसवता येतं. ज्या मशीनला फक्त त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं स्पूल चालतं, त्याचं आयुष्य त्या स्पूलच्या उपलब्धतेएवढंच. "ताई, आधी हेड सुटं मिळतंय का ते विचारा, मग मशीनचा रंग बघा," असं ते म्हणाले, आणि मी ते वहीत पहिल्या पानावर लिहून घेतलं.

दोरीच्या जाडीबद्दल लोकांचा एक आवडता समज आहे की जितकी जाड तितकी चांगली. घरगुती मशीनमध्ये १.६, २.० आणि २.४ मिलिमीटर ही मापं जास्त चालतात, त्यापुढे २.७ आणि ३ मिलिमीटर ताकदवान इंजिनांसाठी. १.६ ऐवजी २.४ घातली तर हवेचा अडथळा दीडपट होतो आणि तेवढ्याच लांबीच्या दोरीचं वजन सव्वादोन पट. लहान मोटर हा भार ओढताना मंदावते, टोकाचा वेग पडतो आणि गवत तुटण्याऐवजी पिंजलं जातं. शिवाय स्पूलवर दोरी मावते ती निम्म्याहून कमी. मशीनच्या माहितीपुस्तिकेत जी जाडी लिहिली असेल ती सोडून जाऊ नये, हे मला हिशेब मांडल्यावर पक्कं पटलं.

गार्ड काढून टाकायची सवयही याच हिशेबात येते. गार्ड नसला की दोरी कापणारं पातंही नसतं, दोरी लांब राहते आणि एका फटक्यात जास्त गवत कापलं जातंय असं वाटतं. पण फेऱ्यांचा वेग तोच धरला तर हवा कापायला लागणारी ताकद लांबीच्या जवळजवळ चौथ्या घाताने वाढते. मध्यापासून १५ सेंटिमीटरची दोरी २० सेंटिमीटर केली की भार तिपटीच्या पुढे जातो. मोटर तापते, क्लच घसरतो, आणि उडालेले खडे सरळ आपल्या नडगीवर येतात. गार्ड पायाला वाचवतो तसा मोटरलाही वाचवतो.

दोरीचा आकार गोल, चौकोनी, ताऱ्यासारखे कोन असलेला किंवा पीळ दिलेला असतो. कोन असलेल्या दोरीचा काप स्वच्छ येतो, पण ती लवकर संपते. पीळ दिलेलीचा आवाज कमी. मी गोल घेतली, कारण माझ्या कामात भिंत आणि दगड फार, आणि तिथे गोल दोरी जास्त टिकते. नायलॉन हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि त्यामुळेच लवचीक राहतं. जुनं, उन्हात पडलेलं बंडल कोरडं होऊन कडाकड मोडतं. असं बंडल रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं की दोरी पुन्हा वळणदार होते. हे मी करून बघितलं आहे, फरक हाताला कळतो.

दांड्यापाशी मी फार वेळ घालवला नाही. वाकड्या दांड्यात आत लवचीक केबल फिरते, गिअर नसतो, वजन कमी आणि हेड आपल्या जवळ. सरळ दांडा झुडपाखाली लांबवर पोहोचतो, त्याच्या टोकाला बहुधा गिअर असतो आणि त्यात अधूनमधून ग्रीस भरावं लागतं. टिकायला सरळ दांडा सरस मानतात ते बरोबरच आहे. पण उंची कमी असेल तर सरळ दांडा पुढे फार लांब जातो आणि सगळा भार मनगटावर येतो. म्हणून मधलं हँडल पुढे-मागे सरकतं का ते बघितलं, मशीन हातात धरून पाठ ताठ ठेवली आणि हेड जमिनीशी सपाट राहतं का ते तपासलं. बॅटरीच्या मशीनमध्ये मोटर खाली हेडजवळ आहे की वर मुठीजवळ, हेही महत्त्वाचं. खाली मोटर असली की मधली केबल वाचते, पण पुढचं टोक जड होतं आणि ओल्या गवताचा चिखल थेट मोटरच्या आसपास साचतो. मी ही दोन्ही प्रकारची मशीनं बॅटरी लावून हातात धरली. बॅटरीशिवाय धरलेलं मशीन तोल सांगत नाही, हे विक्रेत्याला दोनदा समजावावं लागलं.

आता ताकदीचा प्रश्न, जो सगळे पहिला विचारतात.

वायरचा विजेवर चालणारा ट्रिमर हलका आणि स्वस्त असतो, कधीही सुरू होतो. माझ्या उताराच्या टोकापर्यंत वायर ओढायची म्हणजे झाडांच्या बुंध्यांना वळसे, आणि लांब, बारीक एक्स्टेंशन वायरमध्ये व्होल्टेज पडतं ते वेगळंच. छोट्या अंगणासाठी मी तो नक्की सुचवीन. माझ्यासाठी तो बसत नव्हता.

पेट्रोलचं मशीन शेजारच्या काकांनी वापरून बघायला दिलं. काम त्याने झपाट्याने केलं, यात शंका नाही. उंच वाढलेलं, ओलं गवतही त्याने न थांबता कापलं. काकांनी त्यासोबत टू-स्ट्रोकचं गणितही समजावलं. या इंजिनात वंगणासाठी वेगळी टाकी नसते, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच आतल्या भागांना वंगण देतं. ५० ला १ प्रमाण असेल तर लिटरला २० मिलिलिटर ऑइल, २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर. नुसतं पेट्रोल घातलं की पिस्टन जाम होणार. फोर-स्ट्रोकमध्ये ही मिसळामिसळ नसते, ऑइल वेगळं भरतात, पण मशीन जड होतं.

मेकॅनिक दादांकडे मी याच प्रश्नासाठी पुन्हा गेले. त्यांच्या बाकावर उघडलेली मशीनं बहुतेक पेट्रोलचीच होती. "ताई, इंजिन वाईट नसतं हो. माणसं हंगाम संपला की टाकीत पेट्रोल तसंच ठेवतात आणि मग सुरू होत नाही म्हणून माझ्याकडे आणतात," ते म्हणाले. कारण त्यांनी उघडून दाखवलं. पडून राहिलेल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट थर राहतो, तो कार्ब्युरेटरची, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची, सुईएवढी भोकं बुजवतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावा ओढतं, आणि जुन्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरमधले पातळ पडदेही त्याने खराब होतात. मशीन काही आठवडे लागणार नसेल तर टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं. महिन्याभरात संपेल एवढंच मिश्रण बनवावं. एअर फिल्टर धुवावा. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवणारी बारीक जाळी असते, ती काजळीने भरली की इंजिन दमल्यासारखं वागतं आणि लोक कार्ब्युरेटरला दोष देतात. हे सगळं जो मनापासून करील त्याच्याकडे पेट्रोलचं मशीन वर्षानुवर्षं चालेल, असं त्यांचं म्हणणं, आणि काकांचं जुनं मशीन याची साक्ष आहे.

मी स्वतःला विचारलं की माझ्याकडे हे काम कसं येतं. वाढीच्या दिवसांत थोडं थोडं, सारखं. मग कित्येक महिने अजिबात नाही. म्हणजे नेमकं तेच वेळापत्रक जे पेट्रोलच्या मशीनला सोसत नाही. शिवाय आवाज. ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास ही कानांसाठीची प्रचलित मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तो १५ मिनिटांवर येतो. पेट्रोलच्या मशीनवर कान झाकल्याशिवाय उभं राहूच नये. मुठीतलं कंपनही माहितीपुस्तिकेत आकड्यात दिलेलं असतं. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या सरासरीसाठी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही सावध होण्याची आणि ५ ही कमाल मर्यादा दिली आहे. घरच्या थोड्या वेळाच्या कामाला ही मर्यादा थेट लागू पडत नाही, पण दोन मशीनची तुलना करायला या आकड्याइतकं प्रामाणिक दुसरं काही मला सापडलं नाही. चकचकीत जाहिरातीत तो कधीच नसतो, पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत असतो.

बॅटरीच्या बाबतीत व्होल्टचे आकडे फार गोंधळ घालतात. एका डब्यावर १८ व्होल्ट, दुसऱ्यावर २० व्होल्ट कमाल, आणि विक्रेता दुसरं जास्त ताकदीचं म्हणून सांगतो. आत दोन्हींत लिथियम-आयनचे पाच सेल ओळीने जोडलेले असतात. एका सेलचे सरासरी ३.६ व्होल्ट धरून पाचने गुणलं तर १८, नुकत्याच भरलेल्या सेलचे ४ धरले तर २०. ३६ आणि ४० चंही तसंच, तिथे सेल दहा. खरा उपयोगी आकडा वॉट-तासांचा. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तास म्हणजे ७२ वॉट-तास. ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-तास म्हणजे १४४. मोटरने सरासरी ३०० वॉट ओढले तर पहिली बॅटरी साधारण १४ मिनिटं चालेल, दुसरी २९. डब्यावर "४५ मिनिटांपर्यंत" लिहिलेलं असेल तर ते कुठल्या वेगावर आणि किती भारावर, हे विचारल्याशिवाय राहू नये.

मावसभावाकडची बॅटरीची दोन मशीनं मी त्याच १२० मीटरच्या पट्टीवर चालवून बघितली. लहान बॅटरीचं मशीन मऊ गवतात सुंदर चाललं, पण हराळीच्या दाट गादीत त्याचा सूर खाली यायचा आणि उतारापाशी पोहोचेपर्यंत बॅटरी संपली. मोठं मशीन पूर्ण पट्टी करून उरलं. त्यात ब्रशलेस मोटर होती. साध्या मोटरमधले कार्बन ब्रश घासून झिजतात, यात ते नसतातच, आणि भार वाढला तरी इलेक्ट्रॉनिक नियंत्रण वेग सांभाळून घेतं. हा फरक कानाला स्पष्ट ऐकू आला. थोडं वजन जास्त होतं, ते मी मान्य केलं.

शेवटी निवड दोन बॅटरीच्या मशीनमध्ये उरली. ताकद दोघांची सारखी, दोन्हींची मोटर वर, हेड आपटून दोरी सोडणारंच. तेव्हा मी दोन्हींच्या सुट्या भागांची यादी मागवली. एकाची यादी आकृतीसह होती: प्रत्येक स्क्रू, स्प्रिंग, कडी, गार्ड, बटणाचा स्विच, सगळ्याला क्रमांक, आणि प्रत्येक भाग सुटा मिळत होता. त्याचीच बॅटरी त्या कंपनीच्या करवतीला, ब्लोअरला आणि इतर अवजारांना चालते. बॅटरी अनेक अवजारांत चालत असली की ती बनवणं एकदम थांबण्याची शक्यता कमी. दुसऱ्याच्या विक्रेत्याने वॉरंटी मोठी सांगितली, पण स्पूल आणि गार्डपलीकडे सुटं काही मिळत नव्हतं. मोठी वॉरंटी ऐकून बरं वाटतं, मात्र हेड, दोरी, बॅटरी यांसारखे झिजणारे भाग तिच्यातून अनेकदा वगळलेले असतात. मी यादीवालं घेतलं. ३६ व्होल्ट, सरळ दांडा, २ मिलिमीटरची दोरी. घेतानाच एक जादा स्पूल आणि हेडची स्प्रिंग सोबत मागून घेतली.

पूर्ण हंगाम ते वापरल्यानंतर आता सांगता येतं. सगळ्यांत आधी झिजलं ते हेडच्या तळाचं बटण, कारण पायऱ्यांपाशी फरशीवर आपटणं होतंच. ते सुटं मिळालं, बदललं. दोरी अडकली नाही असं नाही, पण अडकली तेव्हा झाकण उघडून, वेढे मोकळे करून काम पुढे चालू झालं. मेकॅनिककडे जावं लागलं नाही. दोरी वाचवायची युक्ती हाताला हळूहळू जमली: मशीन गवतात घुसवायचं नाही, फक्त टोक लागेल एवढं अंतर ठेवून झोकात फिरवायचं. भिंतीला खेटून गेलं की दोरी झपाट्याने संपते, जाळीच्या तारेत तर लगेच तुटते. हेड कुठल्या दिशेने फिरतं ते बघून, दोरी आपल्यापासून दूर जाते त्या बाजूने कापलं की कचरा अंगावर येत नाही.

झाडांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. कोवळ्या झाडाच्या बुंध्याला दोरी लागली की साल निघते, आणि सालीच्या आतल्या थरातूनच पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं. सभोवार साल गेली की झाड मरतं, दोरी लाकडाला स्पर्शही न करता. म्हणून मी सगळ्या झाडांच्या बुंध्याभोवती हाताने गवत उपटून पालापाचोळ्याचं आच्छादन केलं. आता तिथे ट्रिमर न्यावाच लागत नाही.

डोळ्यांवर बंद बाजूंचा चष्मा, पायात बूट आणि जाड पॅन्ट, हे प्रत्येक वेळी. पुस्तिका सांगते की आसपास १५ मीटरमध्ये कुणी नको, आणि खडा कसा सुटतो ते एकदा बघितलं की हे अंतर जास्त वाटत नाही. दोरीऐवजी तार किंवा साखळीचं हेड लावायचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात ऐकू नये. धातूच्या कड्या तुटल्या तर गोळीसारख्या सुटतात. अशा जोडलेल्या धातूच्या तुकड्यांच्या हेडची विक्री युरोपीय आयोगाने २०१२ मध्ये बंद करायला लावली.

हंगाम संपताना गार्डखाली चिकटलेलं गवत खरवडून काढते, नाहीतर ते वाळून दगडासारखं होतं. बॅटरी काढून, साधारण अर्धी भरलेली, घरात थंड कोरड्या जागी ठेवते. पूर्ण भरून किंवा पूर्ण संपवून महिनोन्‌महिने ठेवली की लिथियमच्या सेलचं आयुष्य कमी होतं.

काकांना परवा त्यांच्या भावासाठी मशीन घ्यायचं होतं. तुझंच मॉडेल सांग, म्हणाले. त्यांच्या भावाच्या जागेचे फोटो बघितले तर गवत कमी आणि झुडपंच जास्त, पुष्कळशी मनगटाएवढी. मी त्यांना माझं मॉडेल सांगितलं नाही. तिथे पट्ट्याचं, सरळ दांड्याचं, पातं बसणारं पेट्रोलचं मशीनच हवं, आणि काकांच्या घराण्यात टाकी रिकामी करून ठेवायची शिस्त आहेच. फक्त हेड उघडून बघा आणि सुट्या भागांची यादी आधी मागवा, एवढं सांगितलं. यादी आली आहे, उद्या दोघं मिळून ती बघणार आहोत.